साडेअकरा आटे

आमच्या कॉलनीची बोट गुडघाभर पाण्यात बुडाली. दसऱ्याच्या सकाळी, लाऊडस्पीकरवर सनई चालू असताना, प्रमुख पाहुण्यांना घेऊन ती घाटाच्या पायरीपाशी सावकाश खाली बसली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पाहुण्यांची पांढरी पँट चिखलाने माखली आणि बदलापुरातल्या आमच्या बाजूला पंधरा दिवस हसायला विषय मिळाला, एवढंच. मला मात्र हसू आलं नाही. त्या बोटीतल्या पंपाचं काम माझ्या देखरेखीखाली झालं होतं आणि त्या पंपावर एका माणसाचं घर अवलंबून होतं.

तो माणूस माझा जोडीदार. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच वर्षी मेंटेनन्सला लागलो, मी कंपनीत आणि तो कंत्राटदाराकडे. पाईपलाईनचं काम म्हटलं की आमची जोडी ठरलेली. मी पाईप धरायचा, त्याने तोंडाला आटे, म्हणजे स्क्रूसारख्या खाचा, पाडायचे, किंवा उलट. पुढे मी सुपरवायझर झालो आणि तो कंत्राटीच राहिला. त्या दिवसापर्यंत तो मला दादा म्हणायचा, दुसऱ्या दिवसापासून साहेब म्हणू लागला. मी त्याला थांबवलं नाही. हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला होता, हे आज लिहितोय. नोकरीत असताना कोणी म्हणालं असतं तर मी विषय बदलला असता.

मी शाल-श्रीफळ घेऊन रिटायर झालो. त्यानंतर वर्षभरात आमचं युनिट बंद झालं आणि कंत्राटी माणसांना एका दुपारी गेटबाहेर काढलं. तो तेव्हा शहाडला राहायचा, दोन खोल्यांत, बायकोबरोबर. मुलगी लग्न होऊन गेलेली. पुढे त्याच्या इमारतीवर 'धोकादायक' अशी नोटीस लागली. जिन्याखाली बांबूचे टेकू आले. बायको दाराशी अंथरूण घालू लागली, म्हणजे आवाज झाला तर बाहेर पळता येईल. हे तो मला हसत हसत सांगायचा आणि मीही हसत हसत ऐकायचो.

इकडे आमच्या कॉलनीत पुराने तळमजले बुडवले, तेव्हा लोकांना बोटीची आठवण झाली. मदतीची बोट आली ती आमच्या आधी तीन कॉलन्या करून, संध्याकाळी. मग समिती झाली. समितीचे सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, त्यांना टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर यांतला फरक कळत नव्हता, पण मिटिंगचा वृत्तान्त झकास लिहायचे. त्यांनी बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टच्या तलावातली एक फायबरची पिवळी बोट मिळवली. बोटीत साचलेलं पाणी उपसण्यासाठी एक बॅटरीवरचा पंपही तिच्याबरोबर खोक्यात आला, परदेशी, प्लास्टिकच्या अंगाचा, कधीच न जोडलेला. घाटाच्या वर बोटीसाठी पत्र्याची शेड झाली आणि शेडला लागून एक पक्की खोली. त्या खोलीत कोणीतरी कायम राहायचं, बोट बारा महिने तयार ठेवायची, असं ठरलं.

मी त्याचं नाव सुचवलं. एवढं एक चांगलं काम माझ्या नावावर आहे, ते सांगून टाकतो.

तो बायकोला घेऊन खोली बघायला आला. खिडकीतून नदी दिसत होती, पलीकडे सोनिवलीच्या नव्या इमारती. तो बोटीकडे वळला आणि तिने तोवर भिंत वितीने मोजली. गॅस इथे, कपाट इथे, आणि इथे देव. मग तिने स्लॅबकडे वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. "चीर नाय एकपण," ती म्हणाली. सेक्रेटरींच्या मनात त्यांच्या गावाकडचा एक माणूस होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण माझ्या अनुभवापुढे त्यांना फार बोलता येईना. ते म्हणाले, "दसऱ्याला उद्घाटन. पाहुण्यांसमोर पंप चालवून दाखवा, खोलीची चावी पाहुण्यांच्याच हस्ते देऊ."

अर्ध्या तासाचं काम, असं म्हणत मी आठवडा घालवला. खंडेनवमीच्या सकाळी जाग आली तेव्हा पंपाच्या पाणी ओढायच्या तोंडाला लावायचा एक इंचाचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, आणलेलाच नव्हता. उठलो आणि उल्हासनगरला कॅम्पातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पंप बरोबर नेला नाही. नुसत्या आठवणीवर फिटिंग आणायला जाणारा फिटर माझ्या हाताखाली असता तर मी त्याची सालटी काढली असती. दुकानदार म्हातारा सिंधी, चष्मा कपाळावर. त्याने एल्बो काढला, पण हातात दिला नाही.

"साईं, पंप इधर का है या बाहर का?"

"बाहर का."

"फिर लेके आओ ना. चूडी मिला के देता हूँ."

"तीस साल चूडी देखी है," मी म्हणालो. चूडी म्हणजे आटे.

"मैं चालीस साल से बेच रहा हूँ," तो म्हणाला आणि त्याने एल्बो काउंटरवर ठेवला. मी उचलला. त्या दिवशी मला वाचवायचा पहिला प्रयत्न त्याने केला, आणि मी त्याला घमेंडखोर म्हणत रिक्षात बसलो.

आट्यांची भानगड सोपी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडच्या एक इंची पाईपला एका इंचात अकरा आटे असतात. अमेरिकन पाईपला साडेअकरा. म्हणजे फरक अर्ध्या आट्याचा. डोळ्याला तो दिसत नाही. हाताने फिरवलं तर एकावर दुसरा तीन फेरे छान चढतो आणि मग अडतो. अडाणी माणसाला वाटतं, घट्ट बसला. पण अर्धा इंच आणि पाऊण इंच या मापांत दोन्हीकडे आटे चौदाच. कारखान्यात आमचं बरंचसं काम त्या बारक्या मापांत. परदेशी मीटरवर आम्ही आपला देशी सॉकेट चढवायचो, वरून टेफ्लॉन टेपचे चार वेढे, की गळती बंद. तीस वर्षांत कधी अडलं नाही. त्यामुळे हा फरक पुस्तकात असतो, कामात नसतो, असं मी मनाशी पक्कं केलं होतं आणि नव्या फिटरांनाही तेच शिकवलं होतं.

मी घाटावर पोचलो तेव्हा हत्यारांची पूजा होऊन गेली होती. ही पद्धत कॉलनीत मीच आणलेली, कारखान्यातून. नवमीला सगळी हत्यारं पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, फळीवर मांडायची, कुंकू-झेंडू वाहायचा. मग दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. माझी सगळी हत्यारं जोडीदाराने सकाळीच मांडून ठेवली होती. मधोमध माझं आट्यांचं गेज. चाकूसारखी घडीची वस्तू, आत बारीक पाती, प्रत्येक पात्याला दाते आणि वर आकडा. ज्या पात्याचे दाते आट्यांत नीट बसतील तो आकडा खरा. जुन्या फोरमननी निवृत्त होताना मला दिलेलं. त्याने ते पंख्यासारखं उघडून ठेवलं होतं आणि पात्यांवर ओलं कुंकू शिंपडलं होतं. पंप मात्र काम बाकी म्हणून पूजेत नव्हता, बाजूला कोरडा ठेवला होता.

आता हत्यारं पूजेत आणि काम तर शिल्लक. मी शेजारच्या प्लंबरकडून पाईप पाना मागून आणला. समितीतल्या एका बाईंनी विचारलंच, "अहो, आज हत्यार उचलायचं नसतं ना?"

"आपलं नाही उचलायचं. हा उसना आहे," मी म्हणालो आणि सगळे हसले. माझ्या हजरजबाबीपणाचा मला फार अभिमान होता.

जोडीदाराने एल्बो पंपाच्या तोंडावर धरून हाताने फिरवला. तीन फेरे गेला, अडला. त्याने तो काढला, पुसला, पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच अडला.

"साहेब, ह्यो अलग वाटतोय. गेज लावून बघू का?"

"पूजेतलं उचलायचं नाही," मी म्हणालो.

देवाचं नाव मी उगाच घेतलं. गेज लावलं असतं आणि आकडा दुसरा निघाला असता, तर समितीसमोर माझा एल्बो चुकीचा ठरला असता. सेक्रेटरी तिथेच खुर्चीवर बसून होते. दुसऱ्या दिवशी दसरा, दुकानं बंद. उद्घाटन पुढे गेलं असतं आणि ते माझ्यामुळे गेलं असतं. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं आणि तोंडातून पूजा बाहेर पडली. दुसऱ्याचा पाना चालला, माझं गेज चालेना.

"मी जेवून येतो. तू टेप गुंडाळून ठेव," मी त्याला सांगितलं. माझ्याबरोबर सगळेच जेवायला गेले.

तासाभराने आलो. टेप गुंडाळलेली होती, अगदी नीट, आट्यांच्या दिशेने, एक वेढा वर नाही की खाली नाही. तो उभा राहिला.

"साहेब, पंप साडेअकराचा हाय. आपला एल्बो अकराचा. चढणार नाय. मी आत्ता कॅम्पात जातो, दुकान सातपर्यंत उघडं असतं. मधे लावायचा अॅडॉप्टर मिळेल, एका बाजूला अकरा, एका बाजूला साडेअकरा. आठपर्यंत जोडून देतो."

मी फळीकडे पाहिलं. गेज जागच्या जागी होतं, पंख्यासारखं उघडं, वर झेंडूची पाकळी.

"तुला काय माहीत साडेअकरा?"

त्यानेही एकदा फळीकडे पाहिलं. "हाताला लागतंय," तो म्हणाला.

"हाताला!" मी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "याच्या हाताला साडेअकरा लागतंय. माझ्या हाताला तर काही लागत नाही बुवा." पुन्हा हशा. सेक्रेटरींनी तर टाळी दिली. तो पण थोडं हसला. तो नेहमीच हसायचा आणि त्यामुळे त्याला काही बोललं तरी चालतं, असं मला वाटायचं.

"फिरव," मी म्हणालो.

त्याने पाना लावला. चौथा फेरा कुरकुरत गेला. पाचव्याला तो थांबला. "अजून अर्धा," मी म्हणालो. त्याने अर्धा दिला. तेव्हा 'टक्' असा बारीक आवाज आला, बोटं मोडल्यासारखा. त्याने पाना सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मलाही तो आवाज ऐकू आला होता. प्लास्टिक तडकल्याचा आवाज ज्याला ओळखता येत नाही त्याने तीस वर्षं काय केलं?

"टेप बसली," मी म्हणालो. "झालं काम."

दसऱ्याला त्याची बायको नवं लुगडं नेसून आली, हातात खोलीसाठी नारळ आणि पितळेचा तांब्या. पाहुणे बोटीत बसले, सेक्रेटरी बसले, आणखी सातआठ जण बसले, सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पंपाचं सामर्थ्य दिसावं म्हणून बोटीच्या तळाचं बूच काढायचं, आत थोडं पाणी येऊ द्यायचं आणि मग ते उपसून दाखवायचं, ही सेक्रेटरींची कल्पना. शहाण्या माणसाने नको म्हटलं असतं. मी मान डोलावली. बूच निघालं, पाणी आलं, मी बटण दाबलं. पंप फुरफुरला, होजमधून दोन चुळा टाकल्या आणि नुसती हवा ओढत बसला. तडकलेल्या तोंडातून दुसरं काय ओढणार? पाणी घोट्यापर्यंत आलं. बुचाच्या भोकावर नेमकी पाहुण्यांची खुर्ची सरकलेली आणि पाहुणे उठेनात. तो पाण्यात उतरला, गुडघ्यांवर बसला, लोकांच्या पायांमधून हात घालून भोक चाचपडत राहिला. सनई चालूच होती. बोट टेकली.

लोक हसून झाल्यावर, पाहुणे गाडीत बसून गेल्यावर, सेक्रेटरींनी शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "फिटिंग करताना पाना कोणाच्या हातात होता?"

"त्याच्या," मी म्हणालो.

ते खरं होतं. मी त्या दिवशी एक शब्द खोटा बोललो नाही, आणि इतकं हलकट वाक्य आयुष्यात दुसरं बोललो नाही. तो समोर उभा होता, छातीपर्यंत भिजलेला, हातात बूच. आदल्या दिवशी हसलेले सगळे तिथे होते, 'अजून अर्धा' ऐकलेले सगळे. ते मूग गिळून बसले, कारण मी बसलो होतो. त्याची बायको दारातून म्हणाली, "अवो, सांगा की काय झालं ते." त्याने बूच फळीवर ठेवलं, हात पुसले. "चल," तो तिला म्हणाला. ती नारळ घेऊन त्याच्या मागे गेली.

खोली सेक्रेटरींच्या गावच्या माणसाला मिळाली. शहाडची इमारत दिवाळीनंतर रिकामी करवली गेली. ते दोघं मुरबाडच्या पुढे, तिच्या भावाच्या घरी गेले. भावाच्या घरी म्हणजे पडवीत.

पंप पुन्हा जोडायची जबाबदारी माझ्यावरच आली. एका दुपारी शेडमध्ये एकटाच बसून मी तो उघडला. तुटलेलं तोंड एल्बोसकट हातात आलं. एल्बो उलटा फिरवून काढला, मग टेप उलगडायला लागलो. पांढरी टेप, एकावर एक वेढा. शेवटचा वेढा निघाला आणि खाली, पहिल्या तीन फेऱ्यांपलीकडच्या आट्यांच्या खाचेत, कुंकू. ओळीने, दात्यांच्या अंतराने. एक ओळ, आणि थोडं फिरवून दुसरी. त्याने दोनदा लावून पाहिलं होतं.

पंपाला कुंकू लागायचं काहीच कारण नव्हतं. ते तोंड घेऊन मी घरी आलो, गेज काढलं, साडेअकराचं पातं उघडून त्या आट्यांवर ठेवलं. दाते बिनआवाज बसले, ओळीवर ओळ.

मी जेवायला गेलो तेव्हा त्याने ते पूजेतून उचललं होतं. मोजलं, खात्री केली, पुन्हा तसंच पंख्यासारखं मांडलं, वर पाकळीसुद्धा ठेवली. मग मी सांगितल्याप्रमाणे टेप गुंडाळली. चारचौघांत मी नको म्हटलेलं त्याने केलं होतं, म्हणून 'मोजलं' म्हणाला नाही, 'हाताला लागतंय' म्हणाला. आणि मी? हाताला घट्ट कळतं, सैल कळतं. साडेअकरा हा आकडा कुठल्या हाताला कळतो? ते त्याच वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं. कदाचित आलंही होतं. मला आता नक्की सांगता येत नाही आणि ह्याच एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड येते.

शेडमध्ये सगळ्यांसमोर त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं, 'मी गेज लावलं होतं आणि साहेबांना आकडा सांगितला होता.' ते तो बोलला असता तर खोली त्याची होती.

पंपाला नवं तोंड मागवून बसवलं आणि अॅडॉप्टर मी त्याच म्हाताऱ्याकडून आणला. या वेळी पंप बरोबर नेला, तुटलेलं तोंडही. त्याने तुटलेलं तोंड चष्म्याखाली धरून पाहिलं, मग नव्या तोंडावर अॅडॉप्टर लावून दाखवला. तो बोटांनीच चढला. आता पंप उत्तम चालतो. समितीला मी आजवर काही सांगितलेलं नाही. खोलीत आता दुसऱ्याचा संसार आहे, सेक्रेटरींची तब्येत बरी नसते, जुनं उकरून काय मिळणार, अशी कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. मुरबाडला जाऊन यायचंही दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा निघालो नाही.

तो मात्र दर दसऱ्याला फोन करतो. यंदाही केला. सोनं घ्या साहेब, म्हणाला. तब्येत विचारली. बोट कशी आहे विचारलं, पंप चालतो का विचारलं. चालतो म्हटलं. मागून भांड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "गेज ठेवलंत का पूजेत?"

"ठेवलंय," मी म्हणालो.

"ठेवा. पण लागलं तर उचला, साहेब. मी एकदा उचललं होतं. देव काय बोलत नाय."

मला तेव्हाच बोलायचं होतं. मी म्हणालो, "बरं, ठेवतो," आणि फोन ठेवला.